बसणावळ

मी इंजिनड्रायव्हर होतो असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच भुसावळची आठवण काढतो आणि विचारतो, "मेल चालवलीत का हो कधी?" नाही चालवली. माझं इंजिन उभ्या आयुष्यात जागचं हललं नाही. धुळ्याच्या वेशीबाहेर, पारोळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जिनिंगचा कारखाना होता. त्याच्या मागच्या खोलीत ते विटांच्या चौथऱ्यावर बोल्टांनी घट्ट बसवलेलं होतं, आणि मीही जवळजवळ तसाच. माझी मुलं लहानपणी यावर फार खट्टू असत. त्यांच्या मामांची गाडी नागपूरला जायची आणि बाप दिवसभर इंजिन चालवून संध्याकाळी होता तिथेच असायचा.

जिनिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण खानदेश-वऱ्हाडाबाहेरच्या पुष्कळ लोकांना कापूस झाडावरच गादीत भरण्यासारखा तयार मिळतो असं वाटतं. वेचलेल्या कपाशीत सरकी असते. ती रुईपासून वेगळी करायची, एवढंच जिनाचं काम. एका लांबलचक दालनात उंच माळा, माळ्यावर जिनांच्या दोन रांगा, प्रत्येक जिनापाशी एक बाई. तिने कपाशी घालत राहायची. चामड्याचा रूळ रुई ओढून घेतो, पोलादी पातं सरकी अडवतं, रुई पुढे येते, सरकी खाली पडते. दिसायला काम सोपं, पण हात सारखा चालावा लागतो. जास्त घातली तर सरकी चिरडून रुईत काळी कपची जाते, कमी घातली तर रूळ कोरडा घासून तापतो. या सगळ्या जिनांना फिरवणारा लोखंडी शाफ्ट माळ्याखाली, त्याला जोडलेले पट्टे, आणि पट्ट्यांच्या शेवटी माझं इंजिन. आगवाला उस्मान बॉयलर सांभाळायचा, मी वाफ सांभाळायचो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. शिंदखेड्याकडचे एक नाना होते. आपली कपाशी दुसऱ्याच्या कपाशीत मिसळू नये म्हणून ते स्वतः माळ्यावर चढून जिनाशेजारी मांडी ठोकून बसत. सरकी त्यांना बियाण्यासाठी परत न्यायची असे. पडणाऱ्या सरकीवर ते असा काही पहारा ठेवत की बायकांना हसू आवरत नसे.

"नाना, सरकी काय पळी जास का?" कुणीतरी विचारायचं.

"पळत नही, पन बदली जास," नाना गंभीरपणे सांगायचे.

एकदा त्यांना तिथेच डुलकी लागली आणि उठले ते भुवयांसकट पांढरेफटक. आत तंतू इतके उडायचे की आम्ही रोजची माणसंच संध्याकाळी एकमेकांना झटकून मग ओळखायचो. नाना तशाच अवतारात गाडी हाकत घरी गेले आणि बायकोने दार लावून घेतलं म्हणे. पुढच्या वर्षी आले तेव्हा डोक्याला फेट्यावर आणखी एक धोतर गुंडाळून आले, पण बसले मात्र तिथेच.

बायकांच्या मुकादम होत्या भागाअक्का. पांझरा नदीच्या पलीकडच्या गावच्या, उंच, हाडाने रुंद, आवाज असा की इंजिन चालू असतानाही माझ्या खोलीत ऐकू यावा. दसऱ्याच्या सुमाराला आपल्या गावातून आणि आजूबाजूच्या वाड्यांतून त्या बायका जमवायच्या. कुणाला कुठलं जीन द्यायचं, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाला मूल पाजायला मध्ये सोडायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. मी मूळचा येवल्याकडचा. अक्कांची बोली माझ्या कानात लवकर बसली, जिभेवर मात्र कधी बसली नाही. मी माझ्या भाषेत बोलायचो, त्या त्यांच्या, आणि आमचं कधी अडलं नाही.

एका हंगामात एका नव्या बाईचा पदर माळ्याच्या फटीतून खाली गेला आणि फिरत्या शाफ्टला गुंडाळला. मला फक्त किंकाळी ऐकू आली. मी वाफ तोडली, पण वाफ तोडली म्हणजे इंजिन लगेच थांबत नाही, मोठ्या चाकाचा जोर ओसरायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात काय होतं ते मी एका दुसऱ्या कारखान्यात पाहिलेलं आहे आणि इथे लिहिणार नाही. मी धावत वर गेलो तर भागाअक्कांनी त्या बाईला मिठीत घेऊन खाली पाडलेलं, लुगडं निऱ्यांपासून सोडवून शाफ्टला देऊन टाकलेलं. लुगडं गेलं, बाई राहिली. अक्कांनी तिच्याभोवती गोणपाट गुंडाळलं आणि आम्हा सगळ्या पुरुषांना असा दम भरला की आम्ही भिंतीकडे तोंडं करून उभे राहिलो. त्या दिवसापासून अक्कांनी सांगितलं म्हणजे सांगितलं, असं सगळ्या बायका मानत. मीही मानत असे.

आता थोडं पैशाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कारखाना एका कंपनीचा होता. भाग घेतलेली माणसं साधी होती. पेन्शनीत निघालेले एक मास्तर, एक-दोन वकील, काही मोठे शेतकरी. पण सगळा कारभार एका शेठांकडे. ते जळगावला राहायचे. कंपनीचा त्यांच्याशी करार होता. महिन्याचा ठरलेला पगार, टांग्याचा खर्च, आणि सरकी काढलेल्या कापसाच्या दर खंडीमागे कमिशन. कंपनीला नफा झाला की तोटा, याच्याशी त्या कमिशनचा काही संबंध नव्हता. चांगल्या दिवसांत ही गोष्ट कुणाच्या डोळ्यावर आली नाही.

मग मंदी आली. कापसाचा भाव इतका कोसळला की शेतकरी गाडी आमच्या दारात आणून, भाव ऐकून, तशीच परत नेऊ लागले. भागीदारांना डिव्हिडंड मिळेनासा झाला. यंत्रांना तेल घालणाऱ्या तेलवाल्याला काढलं, हमाल कमी केले, माझा आणि उस्मानचा पगार कापला. शेठांचा पगार करारातला, त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

खानदेशात तेव्हा जिनं गरजेपेक्षा जास्त झाली होती आणि मालक एकमेकांचे दर पाडत होते. म्हणून त्यांनी आपसात एकी केली. तिला इंग्रजी शब्दाने पूल म्हणत. काही कारखाने हंगामभर चालायचे, काही बंद ठेवायचे, चालणाऱ्यांनी दर वाढवून घ्यायचा आणि जमलेल्या पैशातून बंद कारखान्यांनाही त्यांचा वाटा द्यायचा. त्या वर्षी आमचा कारखाना बंद ठेवायचं ठरलं. यातली गंमत अशी की पुलाच्या हिशोबात आमच्या वाट्याची कपाशी आम्हीच काढली असं धरलं जाई, त्यामुळे शेठांचं कमिशनही चालूच राहिलं. न काढलेल्या सरकीचं कमिशन! मी कारकुनाकडून दोनदा समजून घेतलं तेव्हा कुठे ते माझ्या डोक्यात शिरलं.

हे आम्हाला कळलं ते दसरा होऊन गेल्यावर. तोवर भागाअक्कांनी नेहमीप्रमाणे बायका जमवल्या होत्या. सातपुड्याच्या पायथ्याशी एका लाकडाच्या ठेकेदाराकडे त्या वर्षी हंगामभर काम होतं. तिकडे निघालेल्या बायकांनाही अक्कांनी थांबवून घेतलं होतं, जीन चालू होणार, सगळ्यांना काम मिळणार, असा शब्द देऊन. मुहूर्ताच्या दिवशी सगळ्या भाकरीची गाठोडी घेऊन फाटकाशी आल्या तर फाटकाला कुलूप. ठेकेदाराची माणसं तोवर भरून झाली होती.

"भाऊ, हाई कुलूप काबर शे?" अक्कांनी मला विचारलं.

मी जमेल तसं पुलाचं प्रकरण समजावून सांगितलं. माझी नोकरी फक्त राखणीपुरती, तीही कापलेल्या पगारावर उरली आहे, हेही सांगितलं.

"आनि शेठ?"

"त्यांचं सगळं चालू आहे."

अक्का मागे वळून बायकांकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "आते मी यास्ले काय सांगू?" त्यांनी बायकांना परत नेलं. जाताना एकही बाई अक्कांना बोलली नाही, आणि मला वाटतं अक्कांना त्याचंच जास्त लागलं.

पुलाची एक अट होती. बंद कारखान्याला वाटा हवा तर तो खरोखर चालण्याजोगा हवा, नाहीतर मोडका सांगाडा दाखवून कुणीही पैसे मागेल. म्हणून संक्रांतीच्या आधी पुलाचे इंजिनियर येऊन एक दिवस कारखाना चालवून बघायचे. वाफ धरायची, सगळी जिनं फिरवायची, खरी कपाशी घालायची आणि निघालेली रुई त्यांना दाखवायची. शेठ टांग्याने आले आणि मला म्हणाले, "बायकांना एक दिवस बोलावून घे. रोज पूर्ण देऊ."

मी पांझरा ओलांडून अक्कांकडे गेलो. त्या अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या, भोवती आमच्याच जिनावरच्या सात-आठ जणी. मी निरोप सांगितला.

"एक दिन. मंग दुसरा दिन?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप."

अक्कांनी आणखी दोन मिरच्या खुडल्या. "भाऊ, खरं सांग. शेठले जीन बंद ठेईसन पैसा भेटस ना?"

"भेटतो."

"काय काम करीसन?"

"काम असं काही नाही. ते म्हणतात, कारखाना सांभाळतो."

"कोठे बसीसन सांभाळस?"

"जळगावात."

बायका फिदीफिदी हसल्या. अक्का हसल्या नाहीत. "मंग आम्हीबी आठे बसीसन सांभाळतस," त्या म्हणाल्या. "आमलेबी बसणावळ द्या."

दळण्याची मजुरी ती दळणावळ, शिवण्याची शिवणावळ, तशी बसण्याची बसणावळ. हा शब्द मी त्याआधी कुणाकडून ऐकला नव्हता. अक्कांनी त्याचा दरही सांगून टाकला. हंगामभर, सगळ्या बायकांना, अर्धा रोज. "आनि कंपनीना पैसामधून नको. कंपनी तोटामा शे, असं तूच सांगस. शेठना वाटामधून द्या. नही तं आम्ही एक दिनबी येणार नही."

मी घाबरलो. सरळच सांगतो. चाचणी झाली नाही तर पुलाचा वाटा जाणार, वाटा गेला तर कंपनी कारखाना मोडीत काढणार, आणि मग माझं घर कशावर चालणार? हे मी अक्कांना बोलूनही दाखवलं.

"माले म्हाईत शे, भाऊ," त्या म्हणाल्या. "तू फक्त निरोप दे. बाकीनं आम्ही पाही लेसूत."

शेठांना आधी हसू आलं आणि मग राग आला. "बसायचे पैसे? उद्या झोपायचे मागतील!" शेठांना वाटलं, कपाशी घालायला अमुकच बायका कशाला हव्यात? त्यांनी आपल्या शेतावरच्या गड्यांना आणि बायकांना बोलावून चाचणीच्या आदल्या दिवशी तालीम घ्यायला लावली. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता, त्यांनी आयुष्यात जीन पाहिलं नव्हतं. निम्मी जिनं तुंबली, रुईत मिरी पेरावी तशी कपची दिसू लागली, एक गडी तर पट्ट्याचा आवाज ऐकूनच माळ्यावरून उतरून गेला. मी इंजिन बंद केलं. शेठांनी रुईचा पुंजका हातात घेऊन त्यातली कपची बोटाने उकरून पाहिली आणि टांग्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटेपासून वाफ धरली. पुलाचे इंजिनियर, एक वयस्कर पारशी गृहस्थ, वेळेवर आले. दोन भागीदार आले, त्यांत ते मास्तरही होते. आणि भागाअक्का सगळ्या बायका घेऊन आल्या, पण फाटकाच्या आत एकीनेही पाऊल टाकलं नाही. निमित्त काय ते इंजिनियर साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "थोडं बोलणं राहिलंय." त्यांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं आणि सावलीत खुर्ची मागितली.

शेठ फाटकाशी गेले. हुशार माणूस. त्यांनी क्षणात विचार बदलला आणि हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ठीक आहे अक्का, अर्धा रोज दिला. माझ्या कमिशनमधून दिला. पण बसणावळ हवी तर इथे येऊन बसायचं. घरी बसलेल्यांना मी कसं मोजणार? सकाळी ठोका पडला की हजर, संध्याकाळी ठोका पडला की सुट्टी. जी येणार नाही तिचा रोज नाही." आणि माझ्याकडे बघून त्यांनी हलकेच डोळा मिचकावला. मी समजलो. काम ना धाम, अर्ध्या रोजासाठी नदी ओलांडून रोजची पायपीट कोण करणार? चार दिवसांत सगळ्या आपोआप बंद होतील, असा त्यांचा हिशोब.

"बठ्ठ्या येसूत, एकूणएक," अक्का म्हणाल्या. मग आत यायच्या ऐवजी तिथेच थांबून म्हणाल्या, "आनि ड्रायव्हरभाऊना नि उस्मानभाऊना कापेल पगार तेवढा भरी द्या."

मी दचकलो. मी अक्कांजवळ माझ्यासाठी चकार शब्द काढला नव्हता. माझ्यासाठी मी शेठांजवळही कधी काढला नव्हता, तेवढी छातीच नव्हती माझी. शेठांनी इंजिनियरांकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि "दिला, दिला" म्हणत हात उडवला. उस्मान माझ्या शेजारी उभा होता. तो पुटपुटला, "या बाईला देव सुखी ठेवो." मी आजही तेच म्हणतो.

बायका माळ्यावर चढल्या, मी झडप उघडली. कित्येक महिन्यांनी पायाखालची जमीन थरथरली. रुई अशी निघाली की इंजिनियर साहेबांनी मूठभर घेऊन उन्हात धरली आणि "फर्स्ट क्लास" म्हणाले. चाचणी पार पडली, वाटा पक्का झाला, आणि संध्याकाळी पुन्हा कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्मानने रेल्वेरुळाचा तुकडा टांगून ठोका दिला. मला वाटलं पाच-दहा जणी येतील. सगळ्या आल्या. कारखान्याच्या पुढे रस्त्याच्या कडेने एक लांब ओटा होता, गाडीवाल्यांना टेकण्यासाठी बांधलेला. त्यावर रस्त्याकडे तोंड करून रांगेने बसल्या. पहिल्या दिवशी काही जणींनी गोधडी शिवायला आणली होती, एकीने निवडायला बाजरी आणली होती. अक्कांनी सगळं गाठोड्यात परत बांधायला लावलं.

"काहीबी करानं नही. घरनं काम करी ऱ्हायन्यात असं म्हनतीन. आपलं काम बसानं."

नुसतं बसणं किती कठीण असतं ते मी तेव्हा पाहिलं. ज्या बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत जिनावर उभ्या राहून कुरकुरत नसत त्या दुपार व्हायच्या आत अवघडून गेल्या. हातांना काय करावं कळेना. बोटं मोडत, पदराची टोकं पिळत बसल्या. "अक्का, यानापेक्षा जीन बरं वं," एक जण अगदी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"शेठले इचार, तो कसा सहन करस ते," अक्का म्हणाल्या, आणि ओटाभर हसू पिकलं.

तो रस्ता रहदारीचा. पारोळ्याची मोटार, कोर्टात जाणारे पक्षकार, बाजाराच्या गाड्या, सगळे तिथूनच. येणाराजाणारा थांबायचा आणि विचारायचा, "बायांनो, काय चाललंय?" त्या म्हणायच्या, "काम चालू शे." कसलं काम? "बसानं." पैसे मिळतात? "आमले अर्धा भेटस. पूरा शेठले भेटस." आठवड्याच्या आत धुळ्यात लहानथोर सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक झाली. संध्याकाळी फिरायला निघणारी मंडळी मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या बाजूला येऊ लागली. मास्तर एकदा आले आणि पुष्कळ वेळ ओट्यासमोर उभे राहिले. शेठांचा करार भागीदार म्हणून त्यांनी कागदावर वाचलेला होता, पण तो असा ओट्यावर रांगेने बसलेला पाहिला नव्हता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी शेठांना भेटायला जळगावची गाडी धरली. जळगावात तर म्हणे पेढीवर पाऊल टाकलं की ओळखीचे व्यापारी शेठांना विचारायचे, "काय शेठ, आज कुठे बसलात?"

शेठांबद्दल एक सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. दिलेला शब्द त्यांनी एक दिवसही मोडला नाही, दर आठवड्याला बसणावळ चुकती केली, माझा आणि उस्मानचा कापलेला पगारही भरून दिला. करार होता म्हणून पैसे घेत होते, आणि तसा करार मिळाला असता तर आपल्यातल्या किती जणांनी तो परत केला असता, हे मला सांगता येत नाही. पण आपण घेतो ते दिसायला कसं दिसतं, हे त्यांना तोवर कुणी दाखवलं नव्हतं. पुढची सगळी वर्षं, मी नोकरीतून सुटेपर्यंत, ते पुलाच्या बैठकीत हट्टाने सांगत राहिले की आमचा कारखाना चालणाऱ्यांतच धरा. बाकीचे मालक चकित व्हायचे. बंद ठेवून पैसे मिळत असताना हा माणूस चालवायचं का म्हणतो? त्या भांडणामुळे माझ्या इंजिनाचा एकही हंगाम पुन्हा चुकला नाही, माझी मुलं शिकली, थोरलीचं लग्न झालं. या सगळ्याचं ऋण मी कुणाचं मानतो ते वाचकांच्या लक्षात आलंच असेल. पगारवाढीसाठी मी जन्मात एक अर्जही केला नाही. माझ्या वाट्याचं जे काही भांडण होतं ते एका बाईने, मी न मागता, फाटकात उभं राहून भांडून दिलं. आता तिच्याबद्दलची शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

त्याच हंगामात, संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी शेठांचा टांगा आला, आणि टांग्यामागे कपाशीच्या गाड्यांची रांग. एका चालू कारखान्यात कपाशीचे ढीग लागले होते. शेठांनी पुलाशी बोलून तिथली काही कपाशी आमच्याकडे वळवून घेतली होती. शेठ टांग्यातून उतरले आणि ओट्यासमोर येऊन म्हणाले, "चला. आजपासून कारखाना चालू. सध्या जिनांची एकच रांग चालवू. पहिल्या रांगेच्या बायका आत या."

बायका एकदम उठल्या. पहिल्या रांगेच्या तर गाठोडी उचलून फाटकाकडे निघाल्यासुद्धा. भागाअक्का उठल्या नाहीत.

"आनि बाकीन्या?" त्यांनी विचारलं.

"बाकीच्यांनी घरी जावं. कारखाना चालू झाला, आता बसणावळ कुठली?"

मी फाटकाची किल्ली हातात घेऊन उभा होतो. अक्का स्वतः पहिल्या रांगेतल्या. त्यांचं काम पक्कं होतं.

"मी बठ्ठ्यास्ले शब्द दियेल शे, शेठ," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, उलट जरा खालीच आणला. "मंग आम्ही बसेलच बऱ्या."

फाटकाशी पोचलेल्या बायका थबकल्या. पहिल्या जिनावरची बाई, घरात पाच तोंडं आणि नवरा अंथरुणाला खिळलेला, ती आधी वळली. येऊन अक्कांच्या शेजारी बसली. मग दुसरी आली. मग सगळ्याच आल्या, आणि ओटा होता तसा भरला.

पारोळ्याची मोटार नेमकी तेव्हा आली आणि ड्रायव्हरने ती आपणहून थांबवली. उतारू खिडक्यांतून वाकून बघायला लागले. शेठांनी मोटारीकडे पाहिलं, कपाशीच्या गाड्यांकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं. मग ते माझ्यावर खेकसले, "उभा काय राहिलास? दोन्ही रांगा. फाटक उघड आणि वाफ धर!"

थंड बॉयलरला वाफ चढायला दुपार होते. मी बाहेर येऊन बायकांना सांगितलं की अजून वेळ आहे, तोवर ओट्यावर सावलीत बसा. एकही बसली नाही. सगळ्या माळ्यावर चढल्या आणि आपापल्या जिनाला हात लावून दोन्ही रांगांत उभ्या राहिल्या, मी झडप उघडेपर्यंत.